पेडलवरचा पाय

गाडी परत आली ती दुसऱ्या गाडीच्या मागे, दोरीने बांधून. ओढून आणणाऱ्या माणसाने ती अंगणात भिंतीच्या कडेला उभी केली, ह्यांची सही घेतली आणि जाता जाता म्हणाला, ब्रेक तर छान लागतोय की तुमचा.  मागच्या दारात उभा असलेला आमचा मुलगा तेवढं ऐकून आत निघून गेला.

पंचवीस दिवसांपूर्वी त्याच गाडीखाली एक माणूस सापडला होता. एका गोदामावर पहारा करणारा, साठीच्या पुढचा. पाळी संपवून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. तिथे लांबलचक उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी वळण. मुलगा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता. पुढे मालट्रक हळू चालला होता, म्हणून सगळा उतारभर माझा पाय ब्रेकवर होता, आणि वळणाशी पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. त्याने हँडब्रेक ओढला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पहारेकरी चार दिवस दवाखान्यात होता. पाचव्या दिवशी गेला.

वाहन कार्यालयाच्या निरीक्षकाने गाडी तपासली. पेडलवर दणादण पाय मारून पाहिला, मैदानात चालवून पाहिली आणि लिहून दिलं, ब्रेक सुस्थितीत. म्हणजे आमचा मुलगा खोटं बोलत होता असंच झालं. आमच्या वकीलबाईंनी आडपडदा ठेवला नाही. ब्रेकमध्ये दोष सापडला तर तो सुटेल, नाही सापडला तर तुरुंग. सुनावणीला तीन आठवडे उरले होते. शोधा, पण काही बदलू नका, असंही त्यांनी दोनदा बजावलं. सापडलंच तर निरीक्षकाला बोलवा आणि जागेवर दाखवा.

मुलावर सगळ्यांत आधी अविश्वास दाखवला तो ह्यांनी. अपघाताच्या अकरा दिवस आधी ब्रेकचं काम ह्यांनीच केलं होतं, ह्याच अंगणात, स्वतःच्या हाताने. एकतीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये, तीही ब्रेकच्याच खात्यात काढलेला माणूस. माझ्या ब्रेकमुळे एक बस कधी ठोकली नाही, हे त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. पहिल्याच आठवड्यात जेवताना ते मुलाला म्हणाले, “पेडल नाही खाली गेलं. तुझी मान खाली गेली, त्या मोबाईलमध्ये.”

मुलाने ताट सरकवलं. सूनबाई त्याच्या शेजारी बसली होती. दुसऱ्या दिवशी ती आमच्या नातीला, छोटीला, घेऊन आईकडे गेली. जाताना मला एवढंच म्हणाली की ज्या घरात त्याला खोटारडा म्हणतात तिथे तिला घास जात नाही. आमच्या मुलाला मात्र ती घेऊन गेली नाही, आणि तोही गेला नाही. बाबा गाडी तपासणार होते. त्याला ते बघायचं होतं.

इथे माझ्या नेमाबद्दल सांगायला हवं. मी सकाळी उठल्यापासून अकरा माळा पूर्ण होईपर्यंत बोलत नाही. ह्याला बावीस वर्षं झाली. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसून सुरू केलं, त्या गेल्या आणि नेम राहिला. माळेत खंड पडला, मन भलतीकडे गेलं, तर ती माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून घ्यायची. घरातलं उरकता उरकता अकरा माळांना सकाळचे अकरा वाजतात. ह्यांचं अंगणातलं काम असतं तेही सकाळचंच, कारण नंतर तिथे ऊन येतं. आणि ब्रेकच्या कामाला दोन माणसं लागतात, एक गाडीखाली आणि एक पेडलवर.

त्यातून आमची एक रीत पडून गेली होती. हे खालून सांगणार, दाब, धर, सोड, आणि मी तसं करणार. मधेच काही विचारलं आणि मी गप्प राहिले, तर त्याचा अर्थ हो. काही अडचण असेल तर मी टाळी वाजवायची. वर्कशॉपच्या आवाजाने ह्यांचे कान कमी झालेत, पण टाळी ऐकू येते. शेजारी निवृत्त कंपाउंडर राहतात, ते भिंतीवरून हा कारभार बघायचे. त्यांना हे सांगायचे, तिचं मौन आणि माझे कान, दोन्हींवर संसार तरलाय. कंपाउंडर म्हणायचे, बरोबरच आहे, एकाला बोलायचं नाही आणि दुसऱ्याला ऐकायचं नाही, भांडण होणार कुठून.

तर तपासणी सुरू झाली. पहिले दोन दिवस हे फक्त बघत होते. संध्याकाळी चारही चाकांखाली कोरे कागद पसरले आणि सकाळी उचलून उजेडात धरले. चारही कोरडे. ब्रेकचं तेल कुठून गळत नव्हतं. डबीतल्या तेलाच्या पातळीला खडूने खूण केली होती, तीही जागची हलली नव्हती. मग एकेक चाक काढलं. मागचे ड्रम उघडून आत बॅटरी मारली. पुढच्या चाकांचे ब्रेक पाहिले, रबरी नळ्या हाताने चाचपल्या, कुठे फुगवटा आहे का, चीर आहे का. काही नाही. रोज मला पेडलवर बसवायचे आणि खालून सांगायचे, जोरात दाब, अजून जोरात. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सगळा जीव पायात आणायची. पेडल अर्ध्यावर जाऊन थांबायचं, दगडावर पाय ठेवल्यासारखं. धरतंय ना, हे विचारायचे. मी गप्प. मग टाळी नाही म्हणजे धरतंय, ठीक आहे, असं स्वतःशीच म्हणून पुढच्या चाकाकडे सरकायचे.

प्रत्येक दिवशी काहीच सापडायचं नाही आणि प्रत्येक दिवशी ते आणखी ताठ व्हायचे. मला हे बघवत नव्हतं. माणूस हरवलेली वस्तू शोधतो तेव्हा सापडली नाही की खचतो. हे सापडली नाही की सुखावत होते. मुलगा मागच्या पायरीवर बसून हे सगळं पाहायचा. एकदा त्याने सुचवलं, गाडी त्या उतारावर नेऊन बघू या. हे म्हणाले, तू चालवणार का? तो उठून आत गेला. कंपाउंडरांनी भिंतीवरून विचारलं, सापडला का रोग? हे म्हणाले, रोगच नाही. त्यावर कंपाउंडर म्हणाले, आमच्याकडे असं झालं की डॉक्टर हवापालट लिहून द्यायचे. एरवी ह्यांनी त्यांना टोला दिला असता. त्या दिवशी पान्हा पुसत राहिले.

सोळाव्या दिवशी मी पेडलशी बसले होते आणि हे चाकाचं काहीतरी आणायला मागच्या खोलीत गेले. त्यांना ते लवकर मिळेना. मी आपली माळ चालू ठेवली. पाय पेडलवर तसाच होता, पण दाबलेला नाही. चालत्या बसमध्ये समोरच्या दांडीवर पाय टेकवतो तसा नुसता टेकलेला. माळेत लक्ष होतं म्हणून मला आधी कळलंच नाही. मग जाणवलं की गुडघा सरळ होत चाललाय. मी सीट मागे सरकली का ते पाहिलं. सीट जागच्या जागी होती. पाय खाली चालला होता. अगदी सावकाश, साखर विरघळावी तसा, आणि थांबत नव्हता. बोटांतला मणी मी मोजून ठेवला. पेडल तळाला टेकलं तेव्हा चाळीस झाले होते.

मी टाळी वाजवली.

हे आले. मी त्यांना हाताने दाखवलं, पायाकडे, मग माळेकडे. त्यांना उमगेना. मी पाय काढला, पेडल वर आलं, आणि पुन्हा तसाच हलका पाय ठेवला. हे दार उघडून गुडघ्यांवर बसले आणि बघत राहिले. एवढ्या जवळून माझ्या पायाकडे त्यांनी कधी पाहिलं नसेल. पेडल खाली गेलं. त्यांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा गेलं. जोरात दाब म्हणाले, दाबलं, दगड. हलका ठेव म्हणाले, ठेवला, आणि चाळिसाच्या आसपास तळ.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर जे केलं ते मात्र त्यांनी एकतीस वर्षांच्या सवयीने केलं. चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून चिमट्यात धरल्या, चिमट्याला फडकं गुंडाळून, म्हणजे नळी दुखावणार नाही. एक नळी बंद, मी पाय ठेवायचा आणि मणी मोजायचे. चाळीस. दुसरी बंद. चाळीस. सगळ्या बंद केल्या, म्हणजे आता तेल कुठल्याच चाकाकडे जाऊ शकत नव्हतं. पेडल तरीही गेलं, चाळिसाव्या मण्याला नाही तर बेचाळिसाव्याला. हे उठले आणि बॉनेटवर हात टेकवून उभे राहिले. दोष चाकांत नव्हता. पेडलच्या पुढे मुख्य पंप असतो, मास्टर सिलिंडर म्हणतात, त्याच्या पोटात होता. आतलं रबर फाटलेलं. जोरात दाबलं की ते पसरून भिंतीला चिकटतं आणि सगळं ठीक वाटतं. हलकं दाबलं की तेल त्याच्या बाजूने मागे निसटतं. सगळा उतारभर हलका पाय ठेवलेल्या माणसाच्या पायाखालून पेडल जाणारच.

मुलगा पायरीवर होता. हे त्याच्याकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो आत गेला आणि आतून फोनवर बोलण्याचा आवाज यायला लागला. सूनबाईला करत असणार.

हे परत गाडीपाशी आले. आता त्यांच्यातला कारागीर जागा झाला होता. रबर फाटलं कशाने, ह्याचा ते बोलून बोलून विचार करत होते, मला सांगावं तसं, जरी मी बोलणार नव्हते. जुन्या गाडीत पेडल रोज अर्ध्यापर्यंतच जातं. सिलिंडरचा पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात येत नाही, तिथे गंज धरतो. नळ्यांमधली हवा काढताना पेडल तळापर्यंत गेलं तर रबर त्या गंजावरून घासतं आणि फाटतं. म्हणून जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, पेडल अर्ध्यावर अडतं. वर्कशॉपमध्ये नवीन माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

“आपण हवा काढली तेव्हा ठोकळा होता ना खाली?” त्यांनी मला विचारलं.

मी गप्प राहिले. ते मान हलवून पुढे बोलायला लागले. ठोकळा होता, म्हणजे कारण दुसरं काहीतरी, तेलात पाणी गेलं असेल, रबरच कमअस्सल असेल.

मला ती सकाळ आठवत होती, अपघाताच्या अकरा दिवस आधीची. मी पेडलवर होते, नववी माळ संपत आली होती, शेवटचे सहा-सात मणी राहिले होते. हे गाडीखालून म्हणाले, ठोकळा आहे ना खाली? मी वाकून पाहिलं. ठोकळा नव्हता. तो मागच्या चाकाला अडकण म्हणून लावला होता, मला आरशात दिसत होता. टाळी वाजवायची तर माळ खाली ठेवावी लागणार, आणि मग नववी माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून. माझ्या मनात आलं, त्यांचा ठोकळा, त्यांना ठाऊक, आणि एवढ्याशा लाकडाने काय होतंय. मी बोटं हलवत राहिले. हे म्हणाले, दाब. मी दाबलं आणि पेडल तळाला टेकलं. दाब, धर, सोड. असं पंचवीस-तीस वेळा.

आता हे पाण्याबद्दल आणि रबराबद्दल बोलत होते. मी माळ मांडीवर ठेवली आणि टाळी वाजवली.

ते थांबले. “काय? नव्हता?”

मी मान हलवली, नव्हता.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच खाली बसले, गाडीच्या चाकाला पाठ टेकवून, आणि हातातला चिमटा उघडझाप करत राहिले.  त्या दिवशी उशिरा, एक वाजता माझा नेम संपला तेव्हा मी आपणहून सगळं सांगितलं, नववी माळ, आरसा, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“विचारून काय होतं,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं पोरांना काय सांगितलं मी? विचारू नका. हात लावून बघा.”

 दुसऱ्या दिवशी दुपारी मला समजावलं. ठोकळ्याचं कुणाला सांगायची गरज नाही. रबर वयाने जातं, हे कुणीही मान्य करेल. मुलगा सुटला म्हणजे झालं. ठोकळ्याचं निघालं तर पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्याचं मरण मुलाच्या डोक्यावरून उचलून आपल्या डोक्यावर येईल, आणि एकतीस वर्षांच्या कामाची राख होईल. मी म्हटलं, कुणी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. ते म्हणाले, खोटं बोल असं मी म्हणतच नाहीये. निरीक्षकाला सकाळी साडेनऊला बोलावतो. तेव्हा तू बोलतच नसतेस.

 बावीस वर्षं जे मी देवासाठी सांभाळलं, त्याची आता आम्ही दोघं मिळून भिंत बांधणार होतो. पण मी नाही म्हटलं नाही. दोन दिवस मुलगा घरात वेगळ्या पावलांनी फिरत होता. ह्यांनी त्याच्यासाठी स्वतः चहा केला. सूनबाईने फोनवर छोटीला बोलायला दिलं. हे सगळं मोडायचं माझ्याच्याने होईना.

निरीक्षक तिसऱ्या दिवशी आला, बरोबर साडेनऊला. तिशीचा असेल, हातात जाड फाईल. आधी स्वतः पेडलवर पाय मारला. दगड. त्याने ह्यांच्याकडे असं पाहिलं की म्हाताऱ्याने फुकट बोलावलं. हे म्हणाले, “साहेब, असं नाही. हिला बसू द्या.”

मी बसले. पाय टेकवला. तो दाराशी वाकून उभा राहिला, मग उकिडवा बसला, मग त्याने मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. पेडल तळाला गेलं. पुन्हा, म्हणाला. तीनदा पाहिलं. नळ्या बंद करून पाहिलं. मग म्हणाला, एवढा हलका पाय कोण ठेवतं? हे म्हणाले, उतारावर मालट्रकच्या मागे असलेला माणूस ठेवतो. निरीक्षकाने पेन काढलं. बॉनेटवर फाईल ठेवून लिहायला लागला. माझा आधीचा शेरा चुकला, असं त्याने स्वतःच म्हटलं आणि खोडलं. मुलगा मागच्या दारात उभा होता. त्याचा चेहरा मला आरशात दिसत होता.

निरीक्षकाने दोषाचं कारण विचारलं.

“वय,” हे म्हणाले. “रबरच ते, साहेब. माणसासारखंच.”

तो जरा हसला आणि लिहिलं. ब्रेकचं शेवटचं काम कुणी केलं? मीच, हे म्हणाले, रीतसर केलं. तेही लिहिलं. मग तो माझ्याकडे वळला. काम चालू असताना पेडलवर तुम्हीच होता ना, काही वेगळं जाणवलं होतं का तेव्हा? हे लगेच म्हणाले, तिचं मौन आहे साहेब, अकराला सुटतं. निरीक्षकाने आदराने मान झुकवली. पेन पुन्हा कागदावर टेकवत म्हणाला, असू द्या, असू द्या. देवाचं काम चालू दे.

माझी चौथी माळ चालू होती. तिचा कितवा मणी ते सांगता येणार नाही.

“ठोकळा नव्हता,” मी म्हटलं.

सकाळपासून न वापरलेला आवाज, तो मलाच परका वाटला. हे म्हणाले, “अगं.” मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं. ह्यांनी मला विचारलं होतं, मला दिसत होतं, मी टाळी वाजवली नाही. निरीक्षकाला टाळीचं काही कळेना. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं, मौन, टाळी, ठोकळा कशासाठी असतो ते, पेडल किती वेळा तळाला गेलं ते. तो लिहीत नव्हता, नुसता ऐकत होता. शेवटी त्याने ह्यांना विचारलं, हे खरं आहे का?

हे गाडीच्या बॉनेटकडे बघत होते. “खरं आहे,” म्हणाले. “पण बघायचं काम माझं होतं. तसं लिहा.”

त्याने दोन्ही लिहिलं. वाचून दाखवलं. त्याने ‘पेडलखालची फळी’ असं लिहिलं होतं, ते ह्यांनी दुरुस्त करायला लावलं. फळी नाही, ठोकळा. आम्ही दोघांनी सह्या केल्या. सोमवारी कार्यालयात या, तोवर गाडीला हात लावू नका, असं सांगून तो गेला. कंपाउंडर भिंतीपलीकडे उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं असणार. ते आवाज न करता आत गेले.

मुलगा अंगणात आला. मला वाटलं तो बाबांना काही म्हणेल. तो माझ्यासमोर उभा राहिला.

“तुला कधी कळलं?”

“तीन दिवसांपूर्वी.”

“तीन दिवस,” तो म्हणाला.  “चहा केला त्यांनी माझ्यासाठी.” आणि आत जाऊन कपडे भरायला लागला. संध्याकाळी तो सूनबाईकडे गेला. जाताना पायाला हात लावायला वाकला, पण हात जमिनीपर्यंतच आले. त्या दिवशीची माळ पहिल्या मण्यापासून घ्यायला हवी होती. मी घेतली नाही.

सोमवारी आम्ही दोघं बसने कार्यालयात गेलो. ह्यांना आधी आत बोलावलं. मी बाहेर लांबट खोलीत बाकावर बसले. पलीकडे एक बाई बसली होती, तिशीची, बाह्यांवर पीठ लागलेलं. बेकरीतून तशीच उठून आली असावी. मांडीवर कापडी पिशवी आणि कागदांचं पाकीट. बराच वेळ आम्ही दोघी समोरच्या दाराकडे बघत होतो. मग तिने पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, तुमचं कुठलं काम?

मी विचारलं, तुमचं?

वडील गेले गाडीखाली, ती म्हणाली. गोदामावर होते. आता म्हणे काही नवीन निघालंय, म्हणून बोलावलंय.

त्या वेळी मौनाची वेळ नव्हती. दुपारचे दोन वाजले होते. मी सांगू शकत होते आणि न सांगण्याला कुठलंही कारण माझ्याकडे उरलं नव्हतं.

“ती गाडी आमची,” मी म्हटलं. “चालवत होता तो माझा मुलगा. ब्रेक घरी दुरुस्त केला होता. त्यात चूक झाली आणि ती मला दिसली होती. मी बोलले नाही.”

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. काहीतरी मोजल्यासारखं दिसलं, मागे मागे जाऊन.

“म्हणजे तो खरं बोलत होता?”

“हो.”

“मी त्याला दवाखान्याच्या पायऱ्यांवर काय काय बोलले,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. तो नुसता उभा होता.”

मला हे ठाऊक नव्हतं. मुलाने घरी कधी सांगितलं नाही.

ती उठली. मला वाटलं, आता ती माझ्यावर ओरडेल, आणि मी त्याची वाट पाहत होते असं म्हटलं तरी चालेल. ती भिंतीला धरून खोलीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि खिडकीशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. पिशवी आणि पाकीट माझ्या शेजारी बाकावरच राहिलं. पाकिटावर तिच्या वडिलांचं नाव लिहिलेलं होतं. दीड महिना आमच्या घरात आम्ही त्यांना पहारेकरी म्हणत होतो. मी ते नाव वाचलं. मग आतून माझं नाव पुकारलं, आणि तिचं सामान कुणाच्या भरवशावर सोडून जावं ते मला कळेना. दुसऱ्यांदा पुकारलं तरी मी तिथेच बसून होते.